सोन्याची सुई आणि बुधवारच्या बाटल्या

सुरतेत मी कैक वर्षं लोकांची लघवी उकळली. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे फराळाचं ताट मांडीवर घेऊन वाचायला बसलेल्यांना पान उलटता येईल. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी कोणी बँकेतलं लिहितो, कोणी शाळेतलं. या वेळी मला म्हणाले, "आजी, तुम्ही दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा." मी चौथी शिकलेली. लिहिता येतं, नटवता येत नाही. गमती थोड्या आहेत, त्या आधी देते. पुढचं सगळं भीतीचं आहे.

दवाखाना उधन्याच्या बाजूला, एका ट्रस्टचा. मी तिथे आया होते. फरशी, चादरी, बेडपॅन, जे पडेल ते. बुधवारी सांध्यांच्या डॉक्टरीणबाई यायच्या. आम्ही त्यांना बेन म्हणायचो, त्या मला मासी, म्हणजे मावशी. त्या दिवशी बाकांवर बसायला जागा नसायची. लोक त्याला 'वा'चा दिवस म्हणायचे. वा म्हणजे वात. पण म्हातारपणी गुडघे धरतात तो हा वात नव्हे. हा आमवात. तिशीतल्या, कधी विशीतल्या बाईला धरतो. सकाळी उठली की बोटं मिटत नाहीत, नळाची तोटी फिरत नाही, कणकेत मूठ दाबता येत नाही. दुपारपर्यंत जरा सैल पडतं, म्हणून घरच्यांना वाटतं की बाईला सकाळच्या कामाचा कंटाळा आहे. मग सांधे सुजतात, मग वाकडे होतात. वाकडे झालेले परत सरळ होत नाहीत.

बुधवारी माझ्याकडे बाटल्या. पेशंटने सकाळची पहिली लघवी घरून स्वच्छ बाटलीत आणायची, वर नाव चिकटवायचं. मी त्या गोळा करून हंसाबेनकडे न्यायच्या. हंसाबेन लॅबवाली, एका खोलीची राणी. गर्दी वाढली तेव्हा तिने मलाच उकळायला बसवलं. शिकायला फार काही नाही. काचेची नळी पाऊण भरायची, खालच्या बाजूने चिमट्यात धरायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर फक्त वरचा भाग तापवायचा. खालचा गार राहतो, म्हणजे दोन्ही शेजारी दिसतात. वर उकळी येऊन पाणी तसंच राहिलं तर ठीक. वर पांढुरका ढग धरला, तर ॲसिडचे थेंब टाकायचे. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. थेंबांनी ढग गेला तर तेही ठीक. नाही गेला, तर किडनी गळते आहे. अंड्यातला बलक सोडून जो भाग असतो, तो तापला की पांढरा होतो ना, तसलीच चीज रक्तातून लघवीत उतरते. चांगली किडनी तिला उतरू देत नाही.

माझ्या हातून नळी कधी फुटली नाही. हंसाबेनच्या हातून फुटायच्या.

आता गमती. एका शाळेतल्या बाईंनी लाजेने अत्तराच्या कुपीत आणली. नळीचा तळसुद्धा ओला होईना. एका काकांनी रॉकेलच्या डब्यात काठोकाठ आणली, म्हणाले, "कमी पडायला नको." कितीतरी लोक खोकल्याच्या औषधाची बाटली न धुता तीत भरून आणायचे आणि नळीत भलतेच रंग दिसायचे. एका सासूबाईंनी तर बाटली माझ्या हातात देताना सांगितलं, "सुनेची आहे. घरूनच चांगली उकळून आणलीय, तुमचा तेवढा दिवा वाचला." कुठल्या पातेल्यात उकळली ते मी विचारलं नाही.

गमती संपल्या.

सांध्यांच्या रोगात लघवी कशाला बघता, असं सगळे विचारायचे. मीही विचारलं होतं. बेननी सांगितलं, हा रोग सांध्यांत राहतो असं आपल्याला वाटतं, पण त्याचा किडनीला त्रास दोन बाजूंनी होतो. अंगात वर्षानुवर्षं सूज राहिली की त्या सुजेची घाण किडनीत साठू शकते. ती एक बाजू. दुसरी औषधांची. दुखणं दाबायच्या गोळ्या किडनीला जाळतात, आणि पोटात पाणी नसेल तर जास्तच.

आता पांडेसऱ्याच्या कारखान्यांतल्या बायकांचं सांगते. साड्यांच्या घडीच्या कामाला शेकड्यांनी बाया होत्या, आपल्या खानदेशातल्याच जास्त. सकाळी गोळी खाल्ल्याशिवाय बोटं चालायची नाहीत, म्हणून चहाबरोबर गोळी. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय मिळायची. आणि कामावर दिवसभर पाणी नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि संडास पुरुषांच्या खात्यातून पलीकडे. मग घरी येईपर्यंत तोंडाला घोट लावायचा नाही, ही त्यांची शिस्त. नव्या बाईलाही पहिल्या दिवशी हेच शिकवायच्या. गोळी खा, पाणी पिऊ नको. किडनी मारायची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

त्याचा शेवट मी आधीच बघितला होता. सुरतेजवळच्या सचिन गावी कपडा रंगवायच्या कारखान्यातला शांताराम म्हणून एक माणूस आमच्याकडे आला तोपर्यंत त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या होत्या. त्याला मोठ्या इस्पितळात मशीनवर घातलं तेव्हा बरोबर कोणी नव्हतं, म्हणून बेननी मला पाठवलं. अंगातलं रक्त नळीतून बाहेर येतं, मशीनमध्ये फिरतं आणि परत आत जातं. मी त्याचा हात धरला होता. हात गार. तो सारखा विचारत होता, "मावशी, सगळं परत आत जातंय ना?" मी म्हटलं, जातंय. मला काय माहीत. तो थोड्याच आठवड्यांत गेला. त्यानंतर पुष्कळ दिवस मी सकाळी स्वतःच्या लघवीला फेस येतो का ते बघायची. एक दिवस दार लावून स्वतःची उकळली. स्वच्छ निघाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा उकळली. हंसाबेनने पकडलं आणि हसली. म्हणाली, तिनेही नोकरीला लागली तेव्हा केलं होतं.

आता विमलचं सांगते. खरं म्हणजे मला तिचंच सांगायचं आहे.

विमल माझ्या गल्लीतली. अमळनेरकडची. नवरा लूमवर, घरात दीर-जाऊ, सगळे दोन खोल्यांत. ती पांडेसऱ्यात साडीच्या घडीला जायची. पुठ्ठ्यावर साडी पसरून, पदर वर काढून, कोपऱ्याला कोपरा लावून अशी घडी घालायची की दुकानात उलगडली तरी चुरगळलेली दिसत नाही. हात बघत राहावे असे. त्याच हातांना आमवाताने धरलं. प्लेगच्या पळापळीनंतरचं वर्ष असेल. प्लेगला सगळी सुरत घाबरली, गाडीच्या टपावर बसून गावाकडे पळाली आणि पुन्हा आली. या रोगाला घाबरून बाई पळणार कुठे, तो अंगातच बसलेला.

मीच तिला बेनकडे नेलं. बेननी सोन्याची सुई सुरू केली. खोटं नाही लिहीत, त्या वेळी आमवातावर सोन्याच्या क्षाराचं इंजेक्शन देत. दर आठवड्याला कंबरेखाली. लगेच काही होत नाही, महिने जातात. गल्लीत मस्करी सुरू झाली. तिची जाऊ लता तोंडाची फटकळ. आमची घरची बोली अहिराणी. लता त्याच बोलीत म्हणायची, "गळामा मणी नही, आनी ढुंगणमा सोनं!" विमल हसायची. पाचव्या की सहाव्या महिन्यात तिची सूज उतरली. एक दिवस ती माझ्या दारात आली आणि मूठ गच्च मिटून दाखवली. "मावशी, मना हात देख." मूठ मिटणं ही दाखवायची गोष्ट असते, हे ज्याची मूठ कधी अडली नाही त्याला कळणार नाही.

पण सोन्याला एक अट असते. दर सुईच्या आधी लघवी उकळायची. सोनं कुणाकुणाच्या किडनीला बाधतं. ढग दिसला की सुई बंद. म्हणून तर बाटल्या.

एका बुधवारी विमलच्या नळीत वर जरा धूसर आलं. ढगही नाही, काचेवर श्वास टाकल्यासारखं. बेन म्हणाल्या, या आठवड्यात सुई नको, पुढच्या वेळी बघू. विमलचा चेहरा उतरला. बाहेर येऊन तिने माझा हात धरला.

"सुई बंद व्हयनी तं मना हात जातीन."

"एक आठवडा थांब म्हणाल्या. बंद कुठे केली?"

"पुढला बुधवारी बी तसंच निंघनं तं?"

मी म्हटलं, "तर थांबायचं. किडनी गेली तर हात काय चाटायचे आहेत?" आणि तिला शांतारामचं सगळं सांगितलं, मशीनसकट. माझं तोंड असंच आहे. मला वाटलं, बाई घाबरेल आणि जपेल. ती घाबरली.

पुढच्या बुधवारी तिची नळी स्वच्छ निघाली. पाण्यासारखी. बेन खूश, सुई सुरू. त्याच्या पुढच्या बुधवारीही स्वच्छ. नंतर दर बुधवारी स्वच्छच. हंसाबेन तर म्हणायची, "विमलनी शीशी तो उकाळवी ज नथी पडती." तिची तर उकळायलाच नको, असं. आम्ही तरी उकळत होतो.

मग विमलच्या पायांवर सूज दिसायला लागली. ती म्हणाली, दिवसभर मांडी घालून बसल्याने. मग सकाळी पापण्या सुजायच्या. ती म्हणाली, झोप झाली नाही. गल्लीतल्या नळावर एकदा मी बघितलं, तिच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. मी विचारलं, बेनला दाखवलं का? म्हणाली, लघवी स्वच्छ आहे ना, मग काय दाखवायचं. मला ते पटलं. नळी मीच तर बघत होते.

एका बुधवारी सकाळी लता तिला रिक्षातून घेऊन आली. विमलला बाकापर्यंत चालवत नव्हतं, धाप लागत होती. चेहरा असा फुगला होता की मी आधी ओळखलंच नाही. लताच्या हातात बाटली होतीच. मी घेतली, उकळली. स्वच्छ.

बेननी तिला आत घेतलं, नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला, ओल्या मातीत बोट दाबल्यासारखा.  त्यांनी मला बेडपॅन आणायला सांगितलं. "आत्ता, माझ्या समोर." मी पडदा ओढला. विमल माझ्याकडे बघतच नव्हती. जे काही थोडं आलं ते घेऊन मी लॅबमध्ये गेले. बेनही माझ्या मागून आल्या.

मी नळी दिव्यावर धरली. उकळी यायच्या आधीच वरचा भाग पांढरा होऊ लागला. ॲसिड टाकलं, तो गेला नाही. आणखी घट्ट झाला. नळी तिरकी केली तरी ते हलेना, दह्यासारखं बसलं होतं. आजवर इतकं पांढरं मी फक्त शांतारामचं बघितलं होतं.

बेनचा आवाज चढला. "मासी, हमणां तो चोख्खी हती! शीशी बदलाई गई?"

आत्ता तर स्वच्छ होती, बाटल्यांची अदलाबदल झाली का, असं त्या विचारत होत्या. मला आणि हंसाबेनला. हंसाबेन रडायला लागली. मी रडले नाही. माझ्या मनात एकच येत होतं. अदलाबदल झाली असेल, तर विमलची स्वच्छ बाटली दुसऱ्या कुणाची होती, आणि तिची पांढरी बाटली मी कुणाच्या नावाने बेनना सांगितली? बाहेर बाकांवर इतकी माणसं बसली होती. त्यांतल्या कुणाची सुई मी उगाच बंद केली, आणि कुणाला उगाच टोचवली? नळी माझ्या हातात अजून गरम होती.

लता दारात उभी होती. कधी आली कोण जाणे.

"बेन, मावशीले नका बोला. त्या बाटल्या मन्या व्हत्यात."

बेनना अहिराणी कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "ती म्हणतेय, बाटल्या तिच्या होत्या. विमलच्या नव्हेत."

मग सगळं निघालं. धूसर नळीच्या त्या आठवड्यात विमल रात्रंदिवस रडत होती. लताला दया आली. तिने म्हटलं, मनी ली जाय, मनी किडनी मोटरसारखी चालस. एकदाच, असं ठरलं होतं. पण पुढच्या बुधवारी विमल पुन्हा बाटली घेऊन लताच्या पुढ्यात. दर बुधवारी सकाळी लता आधी उठून विमलची बाटली भरून ठेवायची, जसं कुणी शेजारणीला दूध घेऊन ठेवतं. आणि संध्याकाळी विमलला विचारायची, "मना रिपोर्ट काय उना?" स्वच्छ आला की तिला बरं वाटायचं. तिने तर जास्त पाणी प्यायला सुरुवात केली होती, आपला रिपोर्ट चांगला यावा म्हणून.

बेन खुर्चीवर बसल्या.  नंतर लताला एवढंच म्हणाल्या, "तुमची किडनी छान आहे." लता त्यावर रडायला लागली. ती फटकळ बाई मी पहिल्यांदाच रडताना बघितली.

विमलला मोठ्या इस्पितळात नेलं. पाठीतून सुई घालून किडनीचा कण काढून तपासला. सोन्याने बाधलं होतं, ढग बघून वेळेवर थांबवलं असतं तर इतकं झालं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आणि विमल घरी दुखण्याच्या गोळ्याही खात होती, पाणी न पिता, हेही तेव्हाच कळलं. आता काय? सुई बंद, गोळ्या बंद, मीठ बंद, पापड-लोणचं बंद, आणि वाट बघायची. किडनी भरून आली तर येईल. नाही आली तर मशीन. डॉक्टरांनी मशीन हा शब्द उच्चारला तेव्हा विमलने माझ्याकडे बघितलं. मशीनचं तिला मीच तर सांगितलं होतं.

त्यानंतर दवाखान्यात नियम बदलला. घरच्या बाटल्या बंद. बाटली आम्ही द्यायची, पेशंटने आमच्याच संडासात जायचं, आणि मी दाराबाहेर उभं राहायचं. पेशंट चिडायचे. एक म्हातारे मला म्हणाले, "पोलीस आहेस का?" मी म्हटलं, "हो. भरा लवकर."

मग विमलचे बुधवार सुरू झाले. आता ती सुईसाठी येत नव्हती, फक्त नळीसाठी. दर बुधवारी मी तापवायची, दर बुधवारी वर पांढरं धरायचं. तिला विचारायचा धीर व्हायचा नाही. ती माझा चेहरा बघायची. मी चेहरा दगडासारखा ठेवायला शिकले, पण त्याचाही तिने अर्थ लावला. "तोंडना दगड कया म्हंजे पांढरंच शे." घरी तिचं अळणी जेवण. बिनमिठाची भाजी खाताना आमच्या लोकांना मढ्याच्या घरी जेवल्यासारखं वाटतं. लता तिच्यासोबत अळणी खायची, पण नंतर मागच्या खोलीत जाऊन ठेचा खायची. विमलला ते माहीत होतं. ती म्हणायची, "खाऊ दे तिले. तिनी किडनी चांगली शे."

सोनं अंगातून उतरत गेलं तशी तिची सांध्यांची सूज परत येऊ लागली. आधी मनगट. मग मधली बोटं. बेन देता येईल तेवढंच देत, किडनीला धक्का लागायला नको म्हणून बेतानेच. घडीचं काम सुटलं. एका बुधवारी तिला बाटलीचं झाकण फिरवता आलं नाही. पुढे लता तिचे केस विंचरायला लागली. किडनीचं काय होतंय ते दिसत नव्हतं, हातांचं रोज दिसत होतं. आणि मला ज्याची भीती वाटायची ते हेच, की ती एक दिवस म्हणेल, जाऊ दे ती किडनी, मला माझे हात द्या. एकदा तिने तसंच केलं होतं. संडासाच्या दाराबाहेर उभी असताना मी कान देऊन ऐकायची, आतून काही भलताच आवाज येतो का. तिच्या पदराखाली दुसरी बाटली आहे का. मला लाज वाटायची, पण मी ऐकायची.

एका बुधवारी ढग पातळ झाला. पुढच्या बुधवारी पुन्हा घट्ट. त्या दिवशी हंसाबेन मला म्हणाली, "मासी, जीव ना बाळो." जीव जाळू नका. मी म्हटलं, तू तुझ्या नळ्या फोड.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. नंतर हळूहळू पातळ होत होत धूसर, काचेवरच्या श्वासाइतकं. आणि एका बुधवारी नळी वर-खाली सारखी दिसली. मी ॲसिड टाकलं, पुन्हा तापवली. हंसाबेनला दाखवली, तिने स्वतः दुसरी नळी भरून तापवली. तशीच. मी ती बेनच्या खोलीत नेली, त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि हसल्या. "चोख्खी!"

विमल समोर बसली होती. हात मांडीवर, बोटं कडेला वळलेली. तिने लगेच कंबरेकडचा पदर सरकवला आणि म्हणाली, "मग आज सुई द्या."

बेनना कळलं नाही. मलाही क्षणभर कळलं नाही. मग कळलं. इतके महिने ही बाई अळणी खात होती, न रडता दर बुधवारी येत होती, ते किडनीसाठी नव्हतं. तिच्या डोक्यात असं होतं की ढग गेला की सोनं परत मिळतं. ढग आला म्हणून थांबवलं, ढग गेला की सुरू. तिला उलटं कोणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल.

बेन खुर्ची पुढे ओढून तिच्याजवळ बसल्या. मोडक्या मराठीत म्हणाल्या, "विमल, सोनं आता कधीच नाही. तुझी किडनी आता सोन्याला ओळखते. एक वेळा दिलं तर परत तेच. या वेळी किडनी भरून नाही येणार."

"कधीच नही?"

"कधीच नाही."

विमलने पदर खाली ओढला. मला ती आता ओरडेल असं वाटलं. ती ओरडली नाही. बेननी सांगितलं, दुसरी एक गोळी आहे, आठवड्यातून एकदाच घ्यायची, नवी आहे, पुष्कळांना मानवते. पण तिच्यात लिव्हर बघावं लागतं, रक्त बघावं लागतं, लघवी तर बघायचीच. वाकडी झालेली बोटं सरळ होणार नाहीत. जी सरळ आहेत ती राहतील, कदाचित.

"आनी ही बी बाधनी तं?"

बेन म्हणाल्या, "तर थांबवू."

घरी जाताना रिक्षात ती एकदाच बोलली. म्हणाली, "मावशी, हात जातस ते दिसतस. किडनी जास ते दिसत नही. कोनले घाबरू?"  मला ते माहीत असतं तर मी आया राहिले नसते.

पुढच्या बुधवारी ती येईल की नाही, मला खात्री नव्हती. लतालाही नव्हती. गोळी तिने घेतली की फेकली, हेही लताला माहीत नव्हतं. कारण विमलने ती स्वतः डब्यातून काढली होती, पाठ फिरवून. सकाळपासून माझं लक्ष दारावर. इतरांच्या बाटल्या मी गोळा करत होते आणि नावं वाचताना चुकत होते.

विमल आली. लता बरोबर नव्हती. एकटी आली होती, रिक्षातून उतरताना रिक्षावाल्याने आधार दिला. मी बाटली दिली आणि नेहमीसारखी दाराबाहेर उभी राहिले. आतून हाक आली. "मावशी, मधमा ये." मी आत गेले. तिला परकराची नाडी सुटत नव्हती, बाटली धरता येत नव्हती. मी नाडी सोडली, बाटली धरली. ती खाली बसली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन.  मग ती म्हणाली, "आते तुनाच हातमा शे. आते कशी चोरू?" आणि हसली. मीही हसले. संडासात दोन म्हाताऱ्या झालेल्या बाया हसत होत्या. ती तेव्हा चाळिशीचीही नव्हती.

"गोळी घेतलीस?" मी विचारलं.

"लिधी."

मी बाटली घेऊन लॅबमध्ये गेले. ती मागोमाग आली, कधी यायची नाही ती. हंसाबेनने तिला स्टूल दिलं, ती बसली नाही. मी नळी भरली, दिवा लावला.

"तू देख," विमल म्हणाली. "मी नही देखाव." आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

मी बघितलं. त्या बुधवारी स्वच्छ होती. पुढे तिचे खूप बुधवार झाले, आणि प्रत्येक वेळी ती भिंतीकडे तोंड करूनच उभी राहायची.